आर्च लिनक्स हाताने बसवताना: रिकाम्या डिस्कपासून लॉगिनच्या ओळीपर्यंत

संगणकाचं बटण दाबल्यापासून लॉगिनची ओळ दिसेपर्यंत कारभार अनेक हातांतून जातो. मदरबोर्डवरचं फर्मवेअर बूटलोडरला उठवतं. बूटलोडर कर्नल (सिस्टिमचा गाभा) आणि इनिटरॅमएफएस (सुरुवातीपुरती लागणारी छोटी फाइलसिस्टिम) मेमरीत आणून ठेवतो. कर्नल इनिटरॅमएफएसमधल्या ड्रायव्हरांच्या मदतीने खरी रूट फाइलसिस्टिम शोधतो आणि तिथल्या, बाकीच्या सेवा सुरू करणाऱ्या सिस्टिमडीकडे सूत्रं सोपवतो. आर्च लिनक्स कमांड लाइनवरून बसवताना ही साखळी आपण एकेक कडी जोडत स्वतः उभी करतो. प्रत्येक आज्ञा यातली कुठली कडी जोडते हे कळलं, की आज्ञा पाठ कराव्या लागत नाहीत. काही बिघडलं तर कुठे पाहायचं हेही आपोआप कळतं. म्हणून या लेखात आज्ञांपेक्षा त्यांच्यामागच्या कारणांवर जास्त भर दिला आहे.

आर्च ही लिनक्स कर्नलवर उभी असलेली ऑपरेटिंग सिस्टिम. हा प्रकल्प जड विने यांनी २००२ मध्ये सुरू केला. तो ६४-बिट इंटेल आणि एएमडी प्रोसेसरांसाठी आहे, आणि चित्रमय इन्स्टॉलर त्यात नाही. २०२१ पासून अधिकृत आयएसओमध्ये, म्हणजे पेनड्राइव्हवर उतरवायच्या इन्स्टॉलेशनच्या फाइलमध्ये, ‘आर्चइन्स्टॉल’ नावाची प्रश्नोत्तरांची स्क्रिप्ट येते. घाईत मशीन उभं करायचं असेल तर ती जरूर वापरा. पण एकदा तरी हाताने करा, कारण पुढे कधी मशीन सुरू झालं नाही तर याच पायऱ्या दुरुस्तीसाठी लागतात.

एक सूचना आधीच देतो. इथे आज्ञा, फाइलींची नावं आणि मार्ग उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिले आहेत. टाइप करताना ते रोमन लहान अक्षरांत आणि आकडे रोमन पद्धतीने टाइप करा. जिथे कॅपिटल अक्षर लागतं तिथे तसं सांगितलं आहे. स्पेलिंगची शंका आली तर आज्ञेची सुरुवातीची दोन-तीन अक्षरं लिहून टॅब दाबा. लाइव्ह वातावरणातला, म्हणजे पेनड्राइव्हवरून चालणाऱ्या आर्चमधला, शेल उरलेलं नाव पुरं करतो किंवा पर्याय दाखवतो.

तयारी

पहिलीच वेळ असेल तर व्हर्च्युअल मशीनमध्ये सराव करा. क्यूईएमयू किंवा व्हर्च्युअलबॉक्स, २ जीबी मेमरी आणि २० जीबीची आभासी डिस्क एवढं पुरतं. सेटिंगमध्ये ईएफआय (यूईएफआय, म्हणजे नव्या पद्धतीचं फर्मवेअर) चालू करायला मात्र विसरू नका. ते बंद राहिलं तर मशीन जुन्या बायोस पद्धतीने सुरू होतं आणि खालचा बूटलोडरचा भाग त्याला लागू पडत नाही. खऱ्या मशीनवर करणार असाल तर डेटाची प्रत दुसऱ्या डिस्कवर आधी काढा, आणि ती डिस्क काम संपेपर्यंत मशीनपासून वेगळी ठेवा.

आयएसओ उतरवल्यावर तिची सही तपासा. चेकसम जुळला तर फाइल वाटेत खराब झाली नाही एवढंच कळतं. ती आर्चच्या लोकांनीच बनवली आहे याची खात्री डिजिटल सहीने होते. फाइल कुठल्याही मिररवरून, म्हणजे तिची प्रत ठेवणाऱ्या सर्व्हरवरून, घ्या, पण चेकसम आणि सही प्रकल्पाच्या मूळ संकेतस्थळावरून घ्या. मिररमध्ये कोणी फाइल बदलली असेल तर त्याने तिथला चेकसमही बदललेला असणार.

दुसऱ्या लिनक्स मशीनवरून पेनड्राइव्ह तयार करताना:

डीडी बीएस=४एम आयएफ=आर्चलिनक्स.आयएसओ ओएफ=/डेव्ह/एसडीएक्स कॉन्व्ह=एफसिंक स्टेटस=प्रोग्रेस

इथे ४ नंतरचं ‘एम’ कॅपिटल आहे, आणि ‘एसडीएक्स’च्या जागी तुमच्या पेनड्राइव्हचं नाव येईल. ते संपूर्ण पेनड्राइव्हचं हवं, शेवटी १ किंवा २ असलेल्या पार्टिशनचं नको. पेनड्राइव्ह लावण्याआधी आणि लावल्यानंतर ‘एलएसबीएलके’ चालवा. यादीत जे नाव नव्याने दिसेल ते तुमचं. डीडी काहीही विचारत नाही, सांगितलेल्या जागी थेट लिहितो. इथे अक्षर चुकलं तर समोरची डिस्क गेली.

आर्चची आयएसओ सिक्युअर बूटखाली सुरू होत नाही, म्हणून फर्मवेअरच्या सेटिंगमध्ये ते तात्पुरतं बंद करा.

लाइव्ह वातावरणात पहिली पाच मिनिटं

पेनड्राइव्हवरून मशीन सुरू झालं की रूटचा, म्हणजे सर्वाधिकार असलेल्या वापरकर्त्याचा, प्रॉम्प्ट समोर येतो. लगेच डिस्ककडे धावू नका, आधी तीन गोष्टी बघा.

पहिली गोष्ट, आपण यूईएफआय पद्धतीने आत आलो आहोत का:

कॅट /सिस/फर्मवेअर/ईएफआय/एफडब्ल्यू_प्लॅटफॉर्म_साइझ

उत्तर ६४ आलं की पुढे चला. अशी फाइलच नाही असं उत्तर आलं तर मशीन बायोस पद्धतीने सुरू झालं आहे. फर्मवेअरच्या बूट मेन्यूत पेनड्राइव्ह बहुधा दोनदा दिसतो, त्यातली यूईएफआय लिहिलेली नोंद निवडा.

दुसरी गोष्ट इंटरनेट. केबल असेल तर काहीच करावं लागत नाही. वाय-फायसाठी ‘आयडब्ल्यूसीटीएल’ उघडा. आत ‘डिव्हाइस लिस्ट’ने कार्डाचं नाव कळेल, बहुधा ‘डब्ल्यूएलएएन०’. मग ‘स्टेशन डब्ल्यूएलएएन० स्कॅन’, ‘स्टेशन डब्ल्यूएलएएन० गेट-नेटवर्क्स’ आणि शेवटी ‘स्टेशन डब्ल्यूएलएएन० कनेक्ट’ लिहून पुढे नेटवर्कचं नाव. कार्ड दिसतं पण चालू होत नाही असं झालं तर ‘आरएफकिल’ पाहा. सॉफ्टवेअरने अडवलेलं वाय-फाय ‘आरएफकिल अनब्लॉक वायफाय’ने सुटतं, पण लॅपटॉपवरच्या स्विचने अडवलेलं असेल तर तो स्विचच चालू करावा लागतो. ‘पिंग’ने खात्री करून घ्या.

तिसरी गोष्ट घड्याळ. ‘टाइमडेटसीटीएल’ चालवून तारीख बरोबर आहे ना बघा. ही पायरी क्षुल्लक वाटते, पण मदरबोर्डची बॅटरी संपलेल्या मशीनवर तारीख कित्येक वर्षं मागे असते. मग पॅकेजांवरच्या सह्या ‘भविष्यातल्या’ ठरतात आणि सगळं डाउनलोड नाकारलं जातं. त्रुटीचा संदेश सह्यांबद्दल बोलतो, त्यामुळे दोष घड्याळात आहे हे चटकन सुचत नाही. आयएसओ बरीच जुनी असेल तरीही सह्यांचीच तक्रार येते, कारण तिच्यातल्या किल्ल्या शिळ्या झालेल्या असतात. अशा वेळी ताजी आयएसओ घेणं सगळ्यांत सोपं.

डिस्क

इथे घाई करू नका.

एलएसबीएलके -ओ नेम,साइझ,मॉडेल,ट्रॅन

नुसत्या नावावर विश्वास ठेवू नका. ‘एसडीए’, ‘एसडीबी’ ही नावं डिस्का सापडतील त्या क्रमाने मिळतात आणि पुढच्या वेळी बदलू शकतात. आकार, मॉडेल आणि जोडणीचा प्रकार हे तिन्ही जुळवून मगच आपली डिस्क ठरवा. एनव्हीएमई डिस्कचं नाव ‘एनव्हीएमई०एन१’ असं असतं आणि तिच्या पार्टिशनच्या नावात ‘पी’ येतो: ‘एनव्हीएमई०एन१पी१’. पुढे मी ‘एसडीए’ धरून लिहितो.

एफडिस्क /डेव्ह/एसडीए

एफडिस्कच्या आत केलेले बदल ‘डब्ल्यू’ दाबेपर्यंत मेमरीतच राहतात. मन खात्री देत नसेल तर ‘क्यू’ दाबून बाहेर पडा, डिस्कला धक्का लागलेला नसतो. संपूर्ण डिस्क आर्चला द्यायची असेल तर ‘जी’ने नवा जीपीटी तक्ता, म्हणजे पार्टिशनांची यादी, करा. मग ‘एन’, क्रमांक १, सुरुवात जशी सुचवेल तशी, आणि शेवटाच्या जागी ‘+१जी’. हे ‘जी’ कॅपिटल. हे आपलं ईएसपी, म्हणजे फर्मवेअरला वाचता येणारं पार्टिशन. लगेच ‘टी’ दाबून त्याचा प्रकार १, म्हणजे ईएफआय सिस्टिम, असा करा. पुन्हा ‘एन’ आणि तिन्ही प्रश्नांना एंटर, की उरलेली सगळी जागा रूटला जाते. ‘पी’ने तक्ता डोळ्यांखालून घाला, मग ‘डब्ल्यू’.

डिस्कवर दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम ठेवायची असेल तर ‘जी’ दाबायचं नाही, कारण त्याने जुना तक्ता पुसला जातो. आधीपासून असलेलं ईएसपी वापरा आणि त्याला फॉरमॅटही करू नका. दुसऱ्या सिस्टिमचा बूटलोडर त्यातच असतो.

स्वॅपसाठी, म्हणजे मेमरी अपुरी पडली की वापरायच्या डिस्कवरच्या जागेसाठी, वेगळं पार्टिशन मी करत नाही. लागलं तर स्वॅप फाइल नंतर केव्हाही करता येते आणि तिचा आकार बदलणं सोपं जातं.

एमकेएफएस.फॅट -एफ ३२ /डेव्ह/एसडीए१
एमकेएफएस.ईएक्सटी४ /डेव्ह/एसडीए२

पहिल्या ओळीतला ‘एफ’ कॅपिटल. ईएसपीला फॅट लागतं, कारण यूईएफआयच्या नियमांनुसार फर्मवेअरला तीच फाइलसिस्टिम वाचता यावी लागते. रूटसाठी बीटीआरएफएसचे स्नॅपशॉट मोहात पाडतात हे खरं. पण तिथे सबव्हॉल्यूम आणि माउंटचे पर्याय आधी समजून घ्यावे लागतात, म्हणून पहिल्या खेपेला ईएक्सटी४ घ्या. २००८ पासून कर्नलमध्ये स्थिर मानलं गेलेलं, दुरुस्तीला सोपं असं ते आहे.

माउंट /डेव्ह/एसडीए२ /एमएनटी
माउंट --एमकेडिर -ओ एफमास्क=००७७,डीमास्क=००७७ /डेव्ह/एसडीए१ /एमएनटी/बूट

क्रम महत्त्वाचा: रूट आधी, बूट नंतर. उलट केलंत तर नंतर माउंट झालेलं रूट आधीच्या बूटला झाकून टाकतं आणि कर्नल चुकीच्या पार्टिशनवर जाऊन पडतो. दुसऱ्या ओळीतले मास्क ईएसपीवरच्या फाइली इतर वापरकर्त्यांपासून बंद ठेवतात. फॅटमध्ये परवानग्यांची सोयच नसल्यामुळे त्या माउंट करतानाच ठरवाव्या लागतात.

पॅकेजं

पॅकस्ट्रॅप -के /एमएनटी बेस लिनक्स लिनक्स-फर्मवेअर नेटवर्कमॅनेजर नॅनो सुडो मॅन-डीबी

इथला ‘के’ कॅपिटल. तो नव्या सिस्टिमसाठी पॅकमनच्या, म्हणजे पॅकेजं बसवणाऱ्या प्रोग्रामच्या, किल्ल्यांची जुडी नव्याने तयार करतो. इंटेलचा प्रोसेसर असेल तर ‘इंटेल-यूकोड’ आणि एएमडीचा असेल तर ‘एएमडी-यूकोड’ याच ओळीत जोडा. प्रोसेसरमधले दोष आणि सुरक्षेची भोकं बुजवणारे मायक्रोकोड त्यातून येतात. व्हर्च्युअल मशीनमध्ये मायक्रोकोड आणि लिनक्स-फर्मवेअर दोन्ही लागत नाहीत.

‘बेस’ या नावावरून वाटतं की त्यात सगळं असेल. तसं नाही. ऑक्टोबर २०१९ मध्ये ‘बेस’ हा पॅकेजांचा गट न राहता एकच पॅकेज झालं, आणि तेव्हापासून त्यात कर्नल नाही, संपादकही नाही. कंटेनरमध्ये आर्च चालवणाऱ्याला यांची गरज नसते. म्हणूनच वरच्या यादीतला प्रत्येक शब्द मोजून घेतलेला आहे. नेटवर्कमॅनेजर राहिला तर नवी सिस्टिम सुरू होते, लॉगिनही होतं, पण वाय-फायला जोडायला काहीच नसतं, आणि नेट नसल्यामुळे ते उतरवताही येत नाही. लाइव्ह वातावरणात वाय-फाय चालत होतं म्हणून नव्या सिस्टिममध्येही चालेल, ही समजूत नव्या माणसाला हमखास फसवते. लाइव्ह वातावरणातली साधनं पेनड्राइव्हवरच राहतात.

एफएसटॅब

जेनएफएसटॅब -यू /एमएनटी >> /एमएनटी/ईटीसी/एफएसटॅब
कॅट /एमएनटी/ईटीसी/एफएसटॅब

‘यू’ कॅपिटल. सुरू होताना कुठलं पार्टिशन कुठे माउंट करायचं ते एफएसटॅब सांगतं, आणि ‘यू’मुळे त्यातली नोंद यूयूआयडीने, म्हणजे फाइलसिस्टिमच्या स्वतःच्या ओळखक्रमांकाने, होते, त्यामुळे उद्या ‘एसडीए’चं ‘एसडीबी’ झालं तरी फरक पडत नाही. ‘>>’ हे चिन्ह फाइलच्या शेवटी मजकूर जोडतं, म्हणून ही आज्ञा दोनदा चालवली तर नोंदीही दोनदा येतात. ‘कॅट’ची ओळ टाळू नका. रूटची एक आणि बूटची एक, अशा दोन नोंदी दिसल्याच पाहिजेत.

बूटची नोंद राहिली तर काय होतं ते मी भोगलं आहे. एका मशीनवर ईएसपी एका डिस्कवर आणि रूट दुसऱ्या डिस्कवर होतं, आणि जेनएफएसटॅब चालवलं तेव्हा ईएसपी माउंट केलेलं नव्हतं. मशीन कित्येक दिवस नीट चाललं. मग एका अपडेटनंतर वाय-फाय गेलं, पेनड्राइव्ह ओळखेनासा झाला, आवाजही बंद. झालं असं होतं, की नवा कर्नल रूटवरच्या साध्या ‘बूट’ फोल्डरमध्ये जाऊन पडला, तर बूटलोडर ईएसपीवरचा जुनाच कर्नल सुरू करत राहिला. त्या जुन्या कर्नलची मॉड्यूलं मात्र अपडेटने काढून टाकली होती. ‘यूनेम -आर’ची आवृत्ती आणि ‘पॅकमन -क्यू लिनक्स’ची आवृत्ती वेगळी दिसली तेव्हा उलगडा झाला, इथे ‘क्यू’ कॅपिटल. अपडेटनंतर एकाच वेळी बरीच हार्डवेअरं गप्प झाली, तर आधी हे दोन आकडे पडताळा.

चेंजरूटच्या आत

आर्च-सीएचरूट /एमएनटी

चेंजरूट ही युनिक्सच्या सातव्या आवृत्तीइतकी, म्हणजे १९७९ इतकी, जुनी युक्ती आहे. चालू प्रक्रियेला सांगायचं, की आजपासून तुझं ‘/’ हे इथे. ‘आर्च-’ने सुरू होणारी ही आज्ञा प्रोक, सिस आणि डेव्ह ही आभासी फोल्डरं आत जोडून देते, डीएनएसची फाइलही देते. कर्नल मात्र अजून पेनड्राइव्हचाच चालू आहे. त्यामुळे आत ‘सिस्टिमसीटीएल इनेबल’ चालतं, कारण त्याला फक्त दुवे तयार करायचे असतात. ‘स्टार्ट’ चालत नाही, कारण नवी सिस्टिमडी अजून जन्मलेलीच नाही.

काही कामं भराभर उरकता येतात. टाइमझोन:

एलएन -एसएफ /यूएसआर/शेअर/झोनइन्फो/खंड/शहर /ईटीसी/लोकलटाइम
एचडब्ल्यूक्लॉक --सिसटूएचसी

‘खंड’ आणि ‘शहर’ यांच्या जागी तुमची नावं घाला. त्यांची पहिली अक्षरं कॅपिटल असतात. ‘/ईटीसी/लोकेल.जेन’मध्ये हवी असलेली यूटीएफ-८ ओळ तिच्यापुढचा हॅश (#) काढून चालू करा, मग ‘लोकेल-जेन’ चालवा आणि तेच नाव ‘/ईटीसी/लोकेल.कॉन्फ’मध्ये ‘लँग=’पुढे लिहा; ‘लँग’ सगळं कॅपिटल. सिस्टिमची भाषा मराठी करायची असेल तर चित्रमय डेस्कटॉप बसेपर्यंत थांबा. लिनक्सच्या साध्या कन्सोलला देवनागरीची जोडाक्षरं आणि मात्रा मांडता येत नाहीत, संदेशांच्या जागी चौकोन दिसतात. ‘/ईटीसी/होस्टनेम’मध्ये मशीनचं नाव लिहा.

रूटचा पासवर्ड ठेवण्यासाठी ‘पासडब्ल्यूडी’. हे विसरलात तर पहिल्याच लॉगिनला अडकाल. रोजच्या कामासाठी वेगळा वापरकर्ता करा:

यूझरअ‍ॅड -एम -जी व्हील नाव
पासडब्ल्यूडी नाव
एडिटर=नॅनो व्हीआयसुडो

‘जी’ कॅपिटल, आणि शेवटच्या ओळीतला ‘एडिटर’ हा शब्दही कॅपिटल. उघडलेल्या फाइलमध्ये व्हील गटाच्या ओळीपुढचा हॅश काढा, म्हणजे त्या गटातल्यांना ‘सुडो’ने रूटची कामं करता येतात. ही फाइल थेट संपादकात उघडू नका. व्हीआयसुडो जतन करण्याआधी व्याकरण तपासतो, आणि या फाइलमध्ये एक चूक राहिली तर सुडोच बंद पडतो.

मग ‘सिस्टिमसीटीएल इनेबल नेटवर्कमॅनेजर’. इथे नेटवर्कमॅनेजरमधले ‘एन’ आणि ‘एम’ कॅपिटल आहेत, पॅकेजचं नाव मात्र पूर्ण लहान अक्षरांत होतं.

इनिटरॅमएफएस कर्नल बसताना आपोआप तयार झालेला असतो. एन्क्रिप्शन किंवा एलव्हीएम वापरत असाल तरच ‘/ईटीसी/एमकेइनिटसीपीआयओ.कॉन्फ’मध्ये बदल करून ‘एमकेइनिटसीपीआयओ -पी’ पुन्हा चालवावं लागतं, ‘पी’ कॅपिटल.

बूटलोडर

ग्रब सर्वांना माहीत आहे आणि जुन्या बायोस मशीनला तोच घ्यावा. यूईएफआय मशीनवर मी सिस्टिमडी-बूट निवडतो, कारण त्याची सगळी मांडणी दोन लहान मजकूर-फाइलींत असते आणि ती हाताने वाचता येते.

बूटसीटीएल इन्स्टॉल

आता ‘/बूट/लोडर/लोडर.कॉन्फ’मध्ये दोन ओळी लिहा:

डिफॉल्ट आर्च.कॉन्फ
टाइमआउट ४

आणि ‘/बूट/लोडर/एंट्रीज/आर्च.कॉन्फ’मध्ये चार:

टायटल आर्च लिनक्स
लिनक्स /व्हीएमलिनुझ-लिनक्स
इनिटआरडी /इनिटरॅमएफएस-लिनक्स.आयएमजी
ऑप्शन्स रूट=यूयूआयडी=तुमचा-क्रमांक आरडब्ल्यू

‘यूयूआयडी’ कॅपिटल. कर्नल आपल्याला ‘/बूट’मध्ये दिसतो, म्हणून मार्गही ‘/बूट’पासून लिहावासा वाटतो. पण बूटलोडर चालतो तेव्हा लिनक्सचं झाड अस्तित्वातच नसतं. त्याच्यासाठी ईएसपी हेच सगळं जग, आणि त्याचा ‘/’ म्हणजे ईएसपीचा माथा. म्हणून मार्गात ‘बूट’ येत नाही. यूयूआयडी हाताने टाइप करू नका, तो फाइलच्या शेवटी जोडून घ्या आणि मग नॅनोत योग्य जागी हलवा:

बीएलकेआयडी -एस यूयूआयडी -ओ व्हॅल्यू /डेव्ह/एसडीए२ >> /बूट/लोडर/एंट्रीज/आर्च.कॉन्फ

हा क्रमांक रूटचा हवा, ईएसपीचा नव्हे. ईएसपीचा क्रमांक आठ अंकी आणि मधे एक रेघ असा आखूड असतो, त्यावरून चूक लगेच ओळखू येते.

चेंजरूटमधून चालवताना बूटसीटीएल कधी कधी सांगतो, की ईएफआय व्हेरिएबलांना हात लावला नाही. घाबरू नका. तो स्वतःची एक प्रत फर्मवेअर आपणहून शोधतं त्या ठरावीक जागीही ठेवतो, त्यामुळे मशीन बहुतेकदा सुरू होतं. ‘एक्झिट’ करून बाहेर आल्यावर ‘ईएफआयबूटएमजीआर’ने फर्मवेअरमधल्या नोंदी पाहून घ्या.

यूमाउंट -आर /एमएनटी
रीबूट

आज्ञेचं स्पेलिंग करताना ‘माउंट’आधी फक्त ‘यू’ येतो, ‘एन’ नाही, ‘आर’ कॅपिटल. पेनड्राइव्ह काढा.

सुरू झालं नाही तर

मशीन कुठे थांबलं त्यावरून तुटलेली कडी ओळखा. फर्मवेअर बूट करण्याजोगं काही नाही म्हणतं, म्हणजे ईएसपीचा प्रकार, त्याचं फॉरमॅट किंवा बूटसीटीएलची पायरी चुकली. मेन्यू दिसतो पण फाइल सापडत नाही, म्हणजे आर्च.कॉन्फमधले मार्ग. कर्नल सुरू होतो, डिस्कची वाट पाहतो आणि आणीबाणीचा शेल देतो, म्हणजे रूटचा यूयूआयडी. लॉगिन होतं पण नेट नाही, म्हणजे नेटवर्कमॅनेजर बसवला नाही किंवा इनेबल केला नाही.

चारही वेळा उपाय एकच. पेनड्राइव्ह लावा, रूट आणि बूट त्याच क्रमाने माउंट करा, आर्च-सीएचरूटने आत जा आणि तेवढीच कडी दुरुस्त करा. नव्याने फॉरमॅट करण्याची गरज जवळजवळ कधीच पडत नाही.

पहिल्या लॉगिननंतर

वाय-फायसाठी ‘एनएमटीयूआय’ चालवा. मग ‘सिस्टिमसीटीएल --फेल्ड’ आणि ‘जर्नलसीटीएल -बी -पी ईआरआर’ या दोन आज्ञांचं उत्तर नीट वाचा. नव्याकोऱ्या सिस्टिममध्ये त्रुटी मोजक्याच असतात, म्हणून त्यांची ओळख करून घ्यायला हीच वेळ बरी.

अपडेट नेहमी पूर्ण करा: ‘सुडो पॅकमन -एसवाययू’, ज्यात फक्त ‘एस’ कॅपिटल. शेवटचा ‘यू’ गाळून पॅकेज बसवलं तर नवं पॅकेज नव्या लायब्ररी मागतं आणि बाकीची सिस्टिम जुन्यावरच राहते. आर्च अशा अर्धवट अपडेटला आधार देत नाही. मोठ्या अपडेटआधी प्रकल्पाच्या मुखपृष्ठावरच्या बातम्या वाचा, हाताने काही करायचं असेल तर ते तिथे लिहिलेलं असतं.

सिस्टिम मनासारखी जमली, की स्वतः मागून घेतलेल्या पॅकेजांची यादी काढून ठेवा:

पॅकमन -क्यूक्यूईएन > पॅकेजं.टीएक्सटी

यातला पहिला ‘क्यू’ कॅपिटल, बाकी अक्षरं लहान. ही फाइल, आर्च.कॉन्फ आणि एफएसटॅब अशा तिन्ही फाइलींची प्रत मशीनच्या बाहेर ठेवा. पुढच्या वेळी नव्या डिस्कवर लॉगिनपर्यंत पोहोचलात, की ‘सुडो पॅकमन -एस --नीडेड - < पॅकेजं.टीएक्सटी’ एवढ्या एका ओळीत बाकीचा संसार परत येतो. इथेही ‘एस’ कॅपिटल.